जुन्या जिप्सीवर जादा दिवे आणि विजेचा पंखा: वायरिंग कसे करावे

मारुती जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप यांसारख्या गाड्यांच्या मूळ वायरिंगवर हेडलाइट, वायपर, हॉर्न, इग्निशन आणि मागचे दिवे एवढाच भार टाकलेला असतो, आणि त्या भाराला पुरतील एवढ्याच जाडीच्या वायरी कारखान्यात घातलेल्या असतात. अशा गाडीवर पुढे दोन जादा दिवे बसवायचे आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून रेडिएटरला विजेचा पंखा लावायचा, तर त्या जुन्या वायरींना हात न लावता बॅटरीपासून एक नवी, स्वतंत्र वाट काढावी लागते. या लेखात ती वाट कशी काढावी हे सांगितले आहे. उदाहरणासाठी जिप्सी घेतली असली, तरी १२ व्होल्टच्या कोणत्याही जुन्या जीपला हीच पद्धत लागू पडते. नव्या थारसारख्या गाड्यांमध्ये पंखा ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) ताब्यात असतो आणि हेडलाइटच्या वायरीला जोड देणेही जोखमीचे असते, म्हणून त्या गाड्या या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.

माझे पहिले जादा दिवे मी डॅशबोर्डवरील एका साध्या खटक्यातून थेट चालवले होते. ताम्हिणी घाटात, भर पावसात, अर्ध्या तासाने खटक्याचे प्लास्टिक बोटाला मऊ लागले आणि जळका वास येऊ लागला. चूक पूर्णपणे माझीच होती: जवळजवळ दहा अँपिअरचा करंट मी गुडघ्यापाशी आणून परत पुढे पाठवत होतो. खटक्याने फक्त हुकूम द्यावा आणि जड करंट बोनेटखालीच राहावा, ही गोष्ट तेव्हा कळली.

आधी हिशेब

सामान आणण्यापूर्वी अल्टरनेटरवरील, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्रावरील, पट्टी वाचावी. समजा तिच्यावर ४५ अँपिअर लिहिले आहेत. रात्री पावसात चालणाऱ्या गाडीचा अंदाज असा धरावा: अपरवर (लांबच्या झोतावर) ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर, मागचे व मीटरचे दिवे ३, इग्निशन आणि इंधनपंप १०, वायपर ५, विजेचा पंखा १४ आणि ५५ वॅटचे दोन जादा हॅलोजन दिवे ९. बेरीज ५१ होते. त्यातही अल्टरनेटर पूर्ण करंट देतो तो इंजिन वेगात असताना. आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, तो त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो, आणि आपली गाडी तर दगडांवरून पहिल्या गिअरमध्ये, आयडलच्या थोडे वरच चाललेली असते. उरलेला करंट बॅटरीतून जातो. म्हणून पंखा बसवणारच असाल, तर दिवे एलईडी घ्यावेत असे माझे मत आहे. २० वॅटच्या दोन दिव्यांना साडेतीन अँपिअरही लागत नाहीत, आणि ९ अँपिअरऐवजी साडेतीन झाले की वरचा हिशेब जवळजवळ जुळतो. तरीही पुढील उदाहरण हॅलोजनचेच घेतले आहे, कारण हॅलोजनला पुरेल असे वायरिंग एलईडीला निश्चितच पुरते. उलट मात्र होत नाही.

वायरीची जाडी आणि फ्यूज

दुकानदार ‘अडीच एमएम’ म्हणतो तेव्हा तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २.५ चौरस मिलिमीटर आहे असा त्याचा अर्थ असतो. तो वायरीचा व्यास नव्हे. हा गैरसमज नवख्यांच्या हातून हमखास होतो. वायर गाड्यांसाठीचीच मागावी. घरगुती वायरीचे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते, तर बोनेटखाली एक्झॉस्टजवळ त्याहून अधिक उष्णता सहज होते. शिवाय तेल आणि डिझेल लागले की ते आवरण हळूहळू बिघडते.

जाडी का महत्त्वाची, हे आकड्यांत पाहणे बरे. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या एका मीटर वायरीचा रोध सुमारे १८ मिलिओहम असतो. जाण्याचा आणि परत येण्याचा मार्ग मिळून चार मीटर वायर धरली, तर ९ अँपिअरला ०.६५ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. तीच वायर २.५ची घेतली, तर पाव व्होल्ट जातो. अर्धा व्होल्ट ही किरकोळ बाब वाटते, परंतु हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले, की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. ‘दिवे महाग आणले, पण उजेड पडत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा बारीक वायरीत किंवा गंजलेल्या अर्थमध्ये (बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या जोडात) सापडते.

फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर कुठे तरी घासून बॉडीला लागली, तर ती तापून पेट घेण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे. म्हणून २.५च्या वायरीवर २० अँपिअरहून, ४च्या वायरीवर ३० हून आणि ६च्या वायरीवर ४० हून मोठा फ्यूज घालू नये. चालू भाराच्या सव्वा ते दीड पट हा फ्यूजचा अंदाज ठेवावा, आणि तो वर सांगितलेल्या मर्यादेत बसत नसेल तर फ्यूज न वाढवता वायर वाढवावी. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. दिव्यांना निळा आणि पंख्याला हिरवा, एवढे लक्षात राहिले तरी आपल्या कामापुरते पुरे.

कामाला सुरुवात

प्रथम कागदावर आकृती काढावी. बॅटरी, मुख्य फ्यूज, फ्यूजची पेटी, दोन रिले (खटक्याच्या बारीक करंटवर जड करंट जोडणारे विजेचे खटके), दोन दिवे, पंखा, खटके आणि अर्थ, सगळे तीत यावे आणि प्रत्येक वायरीशेजारी तिचा रंग व जाडी लिहावी. मग बॅटरीचा मायनस काढावा. मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर मायनस आधीच काढलेला असल्याने ठिणगी पडत नाही.

बॅटरीच्या प्लसवरून १० चौरस मिलिमीटरची एक वायर घ्यावी आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच तिच्यावर ५० अँपिअरचा मुख्य फ्यूज बसवावा. हा फ्यूज दूर बसवला, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधील वायरीला कोणतेच संरक्षण उरत नाही. तेथून ती वायर झाकणाच्या फ्यूजपेटीत न्यावी आणि पेटीतून दिवे व पंखा यांचे स्वतंत्र फाटे काढावेत. पेटी फेंडरच्या आतल्या बाजूला उंचावर बसवावी. रिलेचे बेस टर्मिनल खाली येतील अशा रीतीने लावावेत, म्हणजे आत शिरलेले पाणी साठून राहत नाही.

वायरींच्या टोकांना थिंबल (धातूचे टर्मिनल) लावताना ते दाबून बसवणारी योग्य क्रिम्पिंग पक्कड वापरावी. साध्या पकडीने चेपलेले थिंबल ओढल्यावर निघून येते, आणि निघाले नाही तरी आत हवा शिरून तांबे काळे पडते. काही मिस्त्री प्रत्येक जोडाला सोल्डर लावतात. मला ते पसंत नाही, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठर होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. नीट क्रिम्प करावे आणि वर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवावी. वायर पत्र्यातून जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट लावावे आणि संपूर्ण मार्गावर नालीदार पाइप घालावा.

दिव्यांचा रिले

चौकोनी रिलेच्या पायांवर ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेला प्लस, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी वायर, आणि ८५ व ८६ ही आतल्या गुंडाळीची दोन टोके. गुंडाळीला जेमतेम ०.२ अँपिअर लागतो, त्यामुळे खटक्यापर्यंत बारीक वायर चालते आणि खटका कधी तापत नाही. पाचवा पाय ८७अ असेल, तर तो रिले बंद असताना जोडलेला असतो. आपल्याला तो लागत नाही, म्हणून त्यावर टोपी चढवावी किंवा चार पायांचाच रिले घ्यावा. गुंडाळीसोबत डायोड असलेला रिले मिळाला तर उत्तम, मात्र त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हा क्रम पाळलाच पाहिजे.

३० ते ८७ हा मार्ग २.५च्या वायरीने, १५ अँपिअरच्या फ्यूजसह करावा. गुंडाळीचा हुकूम हेडलाइटच्या अपरवरून घ्यावा, म्हणजे समोरून गाडी आल्यावर डिपर (जवळचा झोत) दिला की जादा दिवे आपोआप विझतात. अपरच्या वायरीवरून १ चौरस मिलिमीटरची वायर ३ अँपिअरच्या फ्यूजमधून डॅशबोर्डवरील खटक्यात आणि तेथून ८६ ला न्यावी. ८५ अर्थ करावा.

येथे एक खाच आहे. जपानी घडणीच्या काही जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा खटका प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. अशा गाडीत वरीलप्रमाणे ८५ अर्थ केला, तर जादा दिवे अपरला विझतात आणि डिपरला पेटतात. असे दिसले की रिले खराब आहे असे समजून नवा आणू नये. टेस्ट लॅम्पने पाहावे, आणि गुंडाळीची दोन्ही टोके एच४ बल्बच्याच दोन टर्मिनलांवर, म्हणजे समाईक टर्मिनल आणि अपरचे टर्मिनल यांमध्ये जोडावीत. ही जोडणी दोन्ही प्रकारच्या गाड्यांत चालते. प्लस कोणत्या टोकाला येतो एवढे पाहून तिकडे ८६ ठेवावा.

दिवे कुठे बसवायचे याविषयी थोडक्यात. छतावरील दिवे दिसायला रुबाबदार असले, तरी त्यांचा उजेड बोनेटवर पडून डोळ्यांत परततो, आणि सह्याद्रीतील पावसाळी धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. बंपरवर, हेडलाइटच्या खाली, रुंद झोताचे दिवे धुक्यात उपयोगी पडतात. सार्वजनिक रस्त्यावर मात्र हे दिवे झाकून ठेवावेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या दिव्यांना मनाई आहे, आणि गाडीत बदल करण्याचा विषय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो. काम हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी केलेली बरी.

अर्थ

नवखा माणूस प्लसकडे जितके लक्ष देतो त्याच्या निम्मेही मायनसकडे देत नाही. वास्तविक दिव्यातून जेवढा करंट जातो तेवढाच परत बॅटरीकडे यावा लागतो. जिप्सी आणि जीप यांची बॉडी शिडीसारख्या चासिसवर रबरी बुशांवर बसवलेली असते, म्हणून बॉडी, चासिस आणि इंजिन यांना जोडणाऱ्या पट्ट्या गंजल्या की करंट भलत्याच वाटा शोधतो. बंपर चासिसला असल्यामुळे ‘बोल्टला अर्थ दिला’ एवढ्याने भागत नाही. दिव्यांचा आणि पंख्याचा मायनस प्लसच्याच जाडीच्या वायरीने बॅटरीजवळच्या एका बोल्टवर आणावा, तेथील रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावावे. त्या बोल्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत आणखी एक जाड वायर जोडावी.

पंखा

आडव्या इंजिनाच्या मारुती झेन किंवा एस्टीममध्ये इंजिनाचा पट्टा गाडीच्या कडेला असतो आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे त्या गाड्यांना विजेचा पंखा मुळातच लागतो. जुन्या बाजारात मिळणारे पंखे बहुधा अशाच गाड्यांचे असतात. जिप्सीचे इंजिन उभे असल्याने तिचा पंखा पट्ट्यावर फिरतो. तो काढून विजेचा बसवण्याचे खरे कारण म्हणजे पंखा हवा तेव्हा बंद करता येणे. ओढ्यातून जाताना फिरती पाती पाण्यात बुडाली, तर ती वाकून रेडिएटरच्या जाळीला लागतात आणि जाळी फाडतात. शिवाय पट्ट्यावरचा पंखा आयडलिंगला हळू फिरतो, म्हणजे नेमक्या खडकाळ चढावर, जिथे समोरून वारा येत नाही तिथे, तो कमी पडतो.

पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा असावा. भोवती संपूर्ण जाळीला झाकणारे कवच हवे; ते नसेल तर पात्यांसमोरच्या गोलाकारातूनच हवा जाते आणि कोपरे गरम राहतात. काही किटांसोबत जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. त्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण पंख्याच्या थरथरीने त्या जाळीला कापतात. पंखा रेडिएटरच्या चौकटीला पट्टीने बांधावा आणि पात्यांपुढे व इंजिनापुढे किमान बोटभर मोकळी जागा ठेवावी.

पंख्याचे वायरिंग दिव्यांसारखेच, परंतु जाडी ४ची, फ्यूज ३० चा आणि रिले ४० अँपिअरचा. सुरू होताना मोटर चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट करंट क्षणभर ओढते, म्हणून १४ अँपिअरच्या पंख्याला १५ चा फ्यूज पुरत नाही. रिलेच्या ३० ला करंट थेट बॅटरीकडून द्यावा, इग्निशनच्या वायरीवरून देऊ नये. वाऱ्याने किंवा वेगाच्या ओघात फिरत असलेली मोटर स्वतःच थोडी वीज निर्माण करते, आणि ती इग्निशनच्या वायरीत शिरली तर चावी बंद करूनही इंजिन क्षणभर चालू राहू शकते.

हुकूम देण्याचे काम रेडिएटरच्या टाकीत बसणाऱ्या थर्मो स्विचचे. ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा स्विच सर्वत्र मिळतो. घेण्यापूर्वी इंजिनातील थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) किती अंशांना उघडतो ते पाहावे. व्हॉल्व्ह ८२ चा असेल तर हा स्विच योग्य आहे. व्हॉल्व्ह ८८ चा आणि स्विच ८७ ला बंद होणारा असेल, तर पंखा एकदा लागला की बहुधा थांबणारच नाही, कारण इंजिन ते तापमान खाली येऊच देत नाही.

चावीवरून येणारा प्लस ३ अँपिअरच्या फ्यूजमधून एका खटक्याद्वारे ८६ ला द्यावा आणि ८५ वरून वायर थर्मो स्विचकडे न्यावी. स्विच तापला की ती अर्थ होते. एकच टर्मिनल असलेला स्विच स्वतःच्या आट्यांतून अर्थ होतो, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घातले किंवा रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असली, तर पंखा लागत नाही आणि दोष सापडता सापडत नाही. अशा ठिकाणी दोन टर्मिनलांचा स्विच घ्यावा. ८५ वरून दुसरी वायर डॅशबोर्डवरील आणखी एका खटक्यातून अर्थ करावी. पहिला खटका बंद केला की पंखा कोणत्याही परिस्थितीत बंद राहतो; तो पाण्यासाठी. दुसरा लावला की थर्मो स्विचची वाट न पाहता पंखा फिरतो. तो चढापूर्वी इंजिन थंड ठेवण्यासाठी आणि स्विच बिघडल्यास. पहिला खटका बंद राहून विसरला जाऊ नये म्हणून ८७ वरून १ अँपिअरच्या फ्यूजमधून एक छोटा दिवा डॅशबोर्डवर आणावा. तो पेटला म्हणजे पंख्याकडे करंट गेला, एवढेच कळते. पंखा फिरतोच आहे असे नव्हे, म्हणून तापमानाच्या काट्याकडेही डोळा असावा.

तपासणी

मायनस जोडून, चावी आणि पंख्याचा पहिला खटका चालू करून, प्रथम दुसरा खटका लावावा आणि जाळीच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरावा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. तो उडून येत असेल, तर मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत.

त्यानंतर इंजिन आयडलवर ठेवून पंखा स्वतःहून लागून पुन्हा बंद होईपर्यंत थांबावे. त्याला वीस मिनिटेही लागू शकतात. गरम रेडिएटरचे झाकण या काळात मुळीच उघडू नये. ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी १०० अंशांवरही द्रवरूपात असते आणि दाब सुटताच वाफ होऊन तोंडावर येते.

आता मल्टीमीटर घ्यावा. पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील आणि पंख्याच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. मग एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी दिव्याच्या मायनसवर ठेवून, दिवे लावून पाहावे; ०.२ व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थचा बोल्ट पुन्हा खरवडावा. शेवटी पंखा, सर्व दिवे आणि वायपर एकदम लावून आयडलवर बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. ते १३ च्या वर टिकले तर हिशेब जमला, १२.६ च्या खाली घसरले, तर अल्टरनेटर पुरत नसून बॅटरी रिकामी होत आहे. तपासणीच्या शेवटी फ्यूज आणि रिले यांना बोट लावावे. कोमट असणे ठीक, चटका बसणे हे सैल थिंबलचे लक्षण.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि दिव्यांनाही मुद्दाम पंख्याचाच ४० अँपिअरचा रिले लावावा. रात्री रानात पंख्याचा रिले गेला, तर दिव्यांचा उपसून त्याच्या जागी बसवता येतो आणि हेडलाइटच्या उजेडात घरी पोहोचता येते.